जैवदूषित राडारोड्याची विल्हेवाट

रोगकारक सूक्ष्मजीवांचा संसर्ग झालेली इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा निर्जंतुक करताना निघणाऱ्या विटा, काँक्रीट, लाकूड, गिलावा, जिप्समचे तक्ते, छताचे पत्रे व तक्तपोशी, गालिचे, उष्णतारोधक थर इ. पदार्थांना जैवदूषित राडारोडा असे म्हणतात. माणसे, जनावरे व भूजल यांच्याशी त्याचा संपर्क येणार नाही अशा रीतीने तो खास बांधलेल्या भरावभूमीत पुरणे हा त्याच्या विल्हेवाटीचा एक प्रमुख मार्ग होय. भरावभूमी जंतूंचा नाश करीत नाही. ती त्यांना केवळ अडवून धरते. म्हणून जंतूंचा नाश शक्य तेवढा पुरण्यापूर्वीच करावा लागतो आणि पुरल्यानंतर काय, किती व कोठे पुरले आहे याची नोंद दीर्घकाळ टिकवावी लागते. या दोन बाबतींत राहिलेली उणीव भरावभूमीच्या उत्तम बांधणीनेही पुरती भरून निघत नाही.

स्वरूप व उगम : असा राडारोडा मुख्यतः चार प्रकारच्या वास्तूंतून निघतो : (१) रोगजंतूंवर संशोधन करणाऱ्या किंवा लसी तयार करणाऱ्या जुन्या प्रयोगशाळा, (२) लोकर, केस, कातडी व हाडे यांवर प्रक्रिया करणारे कारखाने व त्यांची गोदामे, (३) रोगजंतूंचा अपघाताने वा हेतुपुरस्सर फैलाव झालेल्या इमारती, (४) पुराचे पाणी बराच काळ साचून राहिल्याने बुरशी व सांडपाण्यातील जंतू यांनी दूषित झालेली घरे. वटवाघळे व कबुतरे यांच्या विष्ठेचे थर साचलेल्या पडक्या वास्तूंचाही यात समावेश करता येईल. अशा विष्ठेत वाढणाऱ्या काही कवकांची बीजुके पाडकामाच्या धुळीबरोबर फुप्फुसांत जाऊन रोग उद्‌भवतो.

निर्जंतुकीकरणाच्या दृष्टीने बांधकामाच्या पदार्थांचे सच्छिद्र व निश्छिद्र असे दोन वर्ग पडतात. पोलाद, काच व चकाकी दिलेल्या फरश्या यांचे पृष्ठभाग धुऊन व जंतुनाशकाने पुसून स्वच्छ करता येतात. याउलट विटा, लाकूड, जिप्सम, गिलावा व गालिचे यांच्या सूक्ष्म छिद्रांत जंतू खोलवर शिरून बसतात आणि जंतुनाशक तेथवर पोहोचण्यापूर्वीच त्या पदार्थाशी विक्रिया होऊन क्षीण होते. त्यामुळे पुरण्याचा किंवा जाळण्याचा प्रश्न मुख्यतः सच्छिद्र पदार्थांच्या बाबतीत उद्‌भवतो. जुन्या इमारतींत ॲस्बेस्टस व शिसेयुक्त रंगही असण्याचा संभव असल्याने एकाच ढिगात जैव व रासायनिक असे दोन्ही धोके एकवटलेले असू शकतात.

रोगकारकांचा टिकाऊपणा : विल्हेवाटीची पद्धत ठरविताना प्रथम रोगकारक कोणता हे निश्चित करावे लागते, कारण शरीराबाहेर टिकून राहण्याच्या बाबतीत त्यांच्यात फार मोठा फरक आढळतो. मेदयुक्त आवरण असलेले व्हायरस कोरड्या पृष्ठभागावर सामान्यतः काही तासांत ते काही दिवसांत निष्क्रिय होतात. प्लेग व ट्युलॅरिमिया या रोगांच्या सूक्ष्मजंतूंना बीजाणू नसतात. कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात, म्हणजे लीचेटमध्ये, ते प्रयोगशाळेत ठेवले असता थोड्याच दिवसांत नाहीसे झाले, असे अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत दिसून आले. याउलट संसर्गजन्य काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) बॅसिलस अँथ्रॅसिस आणि घातक अन्नविषबाधा घडविणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम यांचे बीजाणू अशाच लीचेटमध्ये कित्येक वर्षे जिवंत राहिले. भरावभूमीच्या अंतर्भागात सेंद्रिय कचरा कुजून तापमान वाढते. परंतु बीजाणू मरण्यास ते पुरेसे नसते.

बीजाणूंच्या चिवटपणाचे सर्वश्रुत उदाहरण स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील ग्रुइनार्ड बेटाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२–४३ मध्ये, या बेटावर काळपुळीच्या बीजाणूंचे प्रयोग करण्यात आले. त्यानंतर सु. चार दशके तेथील मातीत जिवंत बीजाणू आढळत राहिले. १९८६ मध्ये समुद्राच्या पाण्यात मिसळलेले सु. २८० टन फॉर्माल्डिहाइड जमिनीवर फवारल्यानंतर १९९० मध्ये बेट सुरक्षित असल्याचे जाहीर करण्यात आले. [⟶ काळपुळी, संसर्गजन्य].

ऐतिहासिक आढावा : दूषित वास्तूंचे काय करावे हा प्रश्न मुंबई इलाख्यात १८९६ च्या प्लेगच्या साथीत तीव्रतेने पुढे आला. रुग्ण आढळलेली घरे कार्बॉलिक अम्ल व इतर जंतुनाशकांनी धुणे, भिंतींना चुना लावणे, ऊन आत यावे म्हणून छपराची कौले काढणे व काही ठिकाणी झोपड्या आणि सामान जाळून टाकणे, असे उपाय योजण्यात आले. दाट वस्त्या पाडून शहराची पुनर्रचना करण्यासाठी १८९८ मध्ये मुंबई नगर सुधारणा न्यास स्थापन झाला. त्याच वर्षी पी. एल. सिमाँ यांनी उंदरांवरील पिसवा प्लेगचा प्रसार करतात असे दाखवून दिले. भिंतींपेक्षा उंदीर व पिसवा यांचा धोका मोठा होता, हे यावरून कळून आले. रोगप्रसाराचा मार्ग ठाऊक नसताना केलेल्या पाडापाडीने लोकांना त्रास व धास्ती झाली; साथ मात्र आटोक्यात आली नाही. [⟶ प्लेग].

याच्या उलट अनुभव अमेरिकेतील न्यू हँपशर राज्यातील मँचेस्टर येथे आला. तेथील एका गिरणीत आशियातून आयात केलेल्या बकऱ्यांच्या केसांवर प्रक्रिया होत असे. १९५७ मध्ये गिरणीतील ९ कामगारांना काळपुळी झाली. त्यांपैकी ५ जणांना श्वसनमार्गाने संसर्ग झाला होता व त्यांतील ४ मरण पावले. १९६६ मध्ये गिरणीसमोरच्या यंत्रशाळेत काम करणारा एक मनुष्य याच रोगाने दगावला. त्याचा केसांशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. रिकामी इमारतही धोकादायक राहू शकते हे ध्यानी आल्यावर पुढे तेथे फॉर्माल्डिहाइडची धुरी देण्यात आली. पाडताना लाकूडसामान क्लोरिनयुक्त विद्रावाने भिजवून जाळण्यात आले, तर विटा तशाच भिजवून पुरण्यात आल्या. निर्जंतुक करणे, पदार्थांची विभागणी करणे, जाळण्याजोगे जाळणे व उरलेले पुरणे हा क्रम पुढील काळातही मूलतः हाच राहिला आहे.

मेरिलँड राज्यातील फोर्ट डेट्रिक या लष्करी तळावर दोन्ही प्रकारचे धडे मिळतात. तेथील ‘इमारत क्र. ४७०’ ही १९५० नंतरच्या दशकात बांधलेली सात मजली वास्तू काळपुळीच्या जंतूंच्या उत्पादनासाठी वापरली गेली होती. तीन वेळा फॉर्माल्डिहाइडची धुरी देऊन व तपासण्या करून ती दीर्घकाळ बंद ठेवण्यात आली आणि २००३ मध्ये कोणताही अपघात न होता पाडण्यात आली. मात्र त्याच तळाच्या जुन्या पुरणक्षेत्रात काय पुरले आहे याच्या नीट नोंदी नव्हत्या. तेथील रसायने भूजलात उतरल्याने उत्खनन हाती घेण्यात आले, तेव्हा सु. २,००० टन घातक कचऱ्याबरोबर जिवंत सूक्ष्मजंतू असलेल्या कुप्याही सापडल्या. २००९ मध्ये या क्षेत्राचा समावेश अमेरिकेतील तातडीने शुद्ध करावयाच्या दूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाला.

अरल समुद्रातील व्होझरोझदेनिया बेटावर सोव्हिएट राजवटीत, १९८८ मध्ये, काळपुळीच्या बीजाणूंचा मोठा साठा विरंजक चूर्णाबरोबर खड्ड्यांत पुरण्यात आला. काही वर्षांनी तेथील मातीच्या नमुन्यांत जिवंत बीजाणू मिळाले. समुद्र आटत गेल्याने हे बेट मुख्य भूमीला जोडले जाऊ लागले आणि २००२ मध्ये ते खड्डे पुन्हा उकरून त्यांतील माती कॅल्शियम हायपोक्लोराइटाने निर्जंतुक करावी लागली. रसायन नुसते वर ओतून पुरल्याने जंतुनाश होईलच असे नाही, तसेच पुरण्याच्या जागेची भौगोलिक स्थितीही कायम राहते असे नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

पाडण्यापूर्वीचे निर्जंतुकीकरण : इमारत उभी असतानाच ती बंदिस्त करून आत जंतुनाशक वायू सोडणे ही सर्वांत परिणामकारक पद्धत होय; कारण भिंती व छप्पर हीच वायूची पेटी बनते. २००१ मध्ये अमेरिकेत टपालाने पाठविलेल्या बीजाणूंमुळे २२ जणांना काळपुळी होऊन ५ जण दगावले आणि अनेक इमारती दूषित झाल्या. वॉशिंग्टनमधील सु. ४ लाख घ. मी. घनफळाच्या टपाल केंद्रात २००२ च्या डिसेंबरमध्ये क्लोरीन डाय-ऑक्साइड वायू सोडण्यात आला. त्याचे प्रमाण हवेच्या दशलक्ष भागांत ७५० भाग एवढे १२ तास राखावयाचे होते. कोरडे बीजाणू वायूला दाद देत नसल्याने अशा वेळी सापेक्ष आर्द्रता सु. ७५ टक्के व तापमान सु. २४° से. ठेवतात. जागोजागी निरुपद्रवी जातीचे सु. दहा-दहा लाख बीजाणू असलेल्या पट्ट्या ठेवलेल्या असतात. धुरीनंतर त्यांची संवर्धन-चाचणी करून एकाही पट्टीवर वाढ होत नाही अशी खात्री केली जाते. फॉर्माल्डिहाइड वापरल्यास उरलेला वायू अमोनियाच्या साहाय्याने निष्प्रभ करावा लागतो.

पृष्ठभागांसाठी विरंजक द्रवाचा विरल विद्राव वापरतात. त्याची क्षारता कमी करून तो उदासीन केल्यास बीजाणूंवर अधिक परिणामकारक ठरतो. मात्र क्लोरिनयुक्त विद्राव तीव्र अम्लांत वा अमोनियात मिसळल्यास विषारी वायू निर्माण होतात. म्हणून हे काम प्रशिक्षित व्यक्तींकडूनच करून घेतले पाहिजे.

राडारोडा बाहेर नेऊन दाबाखालील वाफेने निर्जंतुक करण्याचा मार्गही उपलब्ध आहे. परंतु रुग्णालयातील उपकरणांना पुरेसे असणारे आवर्तन येथे पुरत नाही. ओल्या जिप्समच्या तक्त्यांच्या गठ्ठ्यांवर झालेल्या प्रयोगांत १३५° से. तापमानास ४० मिनिटांचे एक आवर्तन अपुरे पडले. तेच आवर्तन लागोपाठ दोनदा दिल्यावर बीजाणू मेले. घट्ट बांधलेल्या गठ्ठ्याच्या मध्यापर्यंत वाफ उशिरा पोहोचते, हे याचे कारण होय. भट्टीत जाळतानाही हीच अडचण येते. भट्टीचे तापमान उच्च असले, तरी ओल्या गठ्ठ्याच्या गाभ्यातील पाणी पूर्णपणे वाफ होऊन जाईपर्यंत तेथील तापमान फारसे वाढत नाही. म्हणून गठ्ठे लहान, सैल व शक्यतो कोरडे ठेवतात. विटा व काँक्रीट जळत नसल्याने त्यांच्यासाठी भट्टीचा उपयोग मर्यादित असतो.

पाडकाम व वाहतूक : पाडकामात सर्वांत मोठा धोका धुळीचा असतो. बीजाणूचा आकार मिमी.च्या सु. हजाराव्या भागाएवढा असतो व तो हवेत बराच काळ तरंगू शकतो. यासाठी सुरुंग वा मोठे घण न वापरता इमारत वरून खाली टप्प्याटप्प्याने उतरवितात, पाण्याचे बारीक तुषार सतत मारतात आणि वारा जोराचा असल्यास काम थांबवितात. कामगारांना श्वसनसंरक्षक मुखवटे, अंगभर पोशाख व हातमोजे दिले जातात. काम संपल्यावर ते तेथेच उतरवून ठेवावयाचे असतात. वाहने जागेवरच धुतात व धुण्याचे पाणीही निर्जंतुक करूनच सोडतात. राडारोडा दुहेरी प्लॅस्टिकच्या वेष्टनात बांधून, त्यावर खूणचिठ्ठी लावून, झाकलेल्या वाहनातून ठरावीक मार्गानेच नेला जातो.

भारतातील परिस्थितीत येथे विशेष दक्षता घ्यावी लागते. पाडलेल्या इमारतीचे लाकूड, दारे-खिडक्या, सळया व शाबूत विटा विकण्याची आणि उरलेला राडारोडा जोत्यात, रस्त्यात किंवा खाजण जमिनीत भर म्हणून टाकण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. एरवी ही काटकसर उपयुक्तच असते. मात्र दूषित वास्तूतील एक तुळई दुसऱ्या घरात बसविली गेली, तर बंदोबस्ताचा सारा हेतूच विफल होतो. यामुळे इमारतीतील प्रत्येक पदार्थ कोठे गेला याचा हिशेब पाडकामापूर्वी ठेकेदाराशी करार करतानाच ठरवून घेणे आवश्यक असते.

भरावभूमीची रचना : शहराबाहेर कचरा नुसता ओतून टाकण्याची उघडी क्षेपणभूमी या कामास सर्वथा अयोग्य होय. तेथे पावसाचे पाणी कचऱ्यातून थेट जमिनीत मुरते, जनावरे चरतात आणि कचरावेचक हातांनी ढीग उपसतात. शास्त्रशुद्ध भरावभूमीच्या तळाशी दाबून घट्ट केलेल्या चिकणमातीचा थर व त्यावर उच्च घनतेच्या पॉलिएथिलिनाचा अखंड पडदा असतो. भारतातील २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत मातीच्या थराची जाडी ९० सेंमी. व पडद्याची जाडी १·५ मिमी. अशी किमान मापे दिलेली होती. मातीतून पाणी झिरपण्याचा गुणांक सेकंदाला १ सेंमी.च्या एक कोटीव्या भागाहून अधिक नसावा, अशीही अट होती. म्हणजे माथ्यावर पाणी साचू दिले नाही, तर पाणी वर्षाला सु. ३ सेंमी. एवढ्याच गतीने पुढे सरकते. भूजलाची सर्वोच्च पातळी तळापासून किमान २ मी. खाली असावी लागते.

पडद्यावर वाळूखडीचा निचरा-थर व छिद्रयुक्त नळ बसवून लीचेट गोळा करतात. तळावर त्याची उंची ३० सेंमी.पेक्षा अधिक वाढू द्यावयाची नाही, असा अमेरिकेतील नियम आहे; कारण पाण्याचा दाब वाढला की पडद्यातील बारीकशा छिद्रातूनही गळती वाढते. गोळा झालेले लीचेट सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे पाठविताना नेहमीच्या क्लोरिनीकरणाने बीजाणू मरत नाहीत, हे लक्षात ठेवावे लागते. भरावभूमीतून मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड हे वायू निघतात. ते नळांवाटे बाहेर काढून ज्योतीत जाळल्यास वायूबरोबर आलेले जंतूही नष्ट होतात. मात्र नळांत साचणारे पाणी लीचेटप्रमाणेच हाताळावे लागते. जिप्समचे तक्ते ओल्या व ऑक्सिजनरहित स्थितीत राहिल्यास सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने त्यांतील सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. म्हणून ते सेंद्रिय कचऱ्यात मिसळू न देता शक्य तेवढे कोरडे ठेवतात.

पुरण्याची पद्धत : जैवदूषित राडारोड्यासाठी भरावभूमीत स्वतंत्र कप्पा राखून ठेवतात. वायूचे व निचऱ्याचे नळ यांपासून तो दूर असावा लागतो. तळाच्या पडद्याला टोकदार सळया वा फुटक्या काचा भिडू नयेत म्हणून प्रथम मऊ, स्वच्छ मातीची गादी घालतात. राडारोड्यातून पाणी वा जंतुनाशक ओघळत असल्यास ते निथळू दिल्याशिवाय तो आत घेत नाहीत. वेष्टित गठ्ठे न फेकता रचून ठेवले जातात व त्याच दिवशी त्यांवर मातीचे आच्छादन घातले जाते. दाबयंत्र मातीच्या आच्छादनावरूनच फिरवितात. थेट गठ्ठ्यांवर फिरविल्यास वेष्टने फाटून धूळ उडते. पावसाळ्यात असे काम शक्यतो हाती घेत नाहीत. घ्यावेच लागले तर कप्प्यावर तात्पुरते छप्पर उभारतात. कप्पा भरल्यावर त्यावर चिकणमातीचा अपार्य थर, निचऱ्याचा थर व गवत उगवेल असा मातीचा थर क्रमाने देतात. खोल मुळे जाणारी झाडे मात्र लावीत नाहीत.

देखरेख व नोंदी : कप्प्याचे अक्षांश-रेखांश, खोली, पुरलेल्या पदार्थांचे वर्णन व वजन, रोगकारकाचे नाव, निर्जंतुकीकरणाची पद्धत व तिच्या चाचण्यांचे निष्कर्ष यांची नोंद भरावभूमीच्या व्यवस्थापनाबरोबरच महसूल खात्याच्या जमीनविषयक अभिलेखातही असणे इष्ट होय. भरावभूमी बंद झाल्यावर तिची देखरेख भारतातील नियमांनुसार किमान १५ वर्षे, तर अमेरिकेत सामान्यतः ३० वर्षे करावयाची असते. बीजाणूंचे आयुष्य याहून अधिक असू शकते. देखरेख संपल्यावर त्या जागी घरे वा बगिचे उभे राहण्याचा संभव असतो, तेव्हा पुढच्या पिढ्यांना सावध करणारे साधन म्हणून केवळ नोंदच उरते.

कायदा व लोकमत : भारतात घनकचरा, राडारोडा व जैववैद्यकीय कचरा यांसाठी २०१६ मध्ये तीन स्वतंत्र नियमावल्या प्रसृत झाल्या, राडारोड्यासंबंधी नवे नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले. जैवदूषित राडारोडा या तिन्ही वर्गांच्या सीमारेषेवर पडतो. जैववैद्यकीय नियमांतील खोल पुरणाची तरतूद दुर्गम भागांतील रुग्णालयांच्या अल्प कचऱ्यासाठी आहे. तीत खड्डा सु. २ मी. खोल व भूजल त्याच्या तळापासून किमान ६ मी. खाली असावे लागते. शेकडो टन विटा-काँक्रीटासाठी ही तरतूद योजिलेली नाही. त्यामुळे अशा प्रसंगी कोणत्या खात्याचा अधिकार चालेल, कोणती भरावभूमी वापरावयाची व खर्च कोणी सोसावयाचा हे आधीच ठरलेले असणे हितावह ठरते.

दुसरी अडचण लोकांच्या भीतीची असते. २०१४ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे एबोला झालेल्या रुग्णाच्या निवासातील सामान सु. १४० पिंपांत भरून टेक्सस राज्यातच जाळण्यात आले. तिची राख शेजारच्या लुइझियाना राज्यातील भरावभूमीत पुरण्यास मात्र न्यायालयाने तात्पुरती मनाई केली. भट्टीतून निघालेल्या राखेत जिवंत व्हायरस उरणे शक्य नसतानाही असे घडले. अशा निर्बंधांमुळे दूषित सामान रस्त्यात वा तात्पुरत्या गोदामात पडून राहण्याची शक्यता निर्माण होते आणि तेच अधिक धोक्याचे असते. म्हणून भरावभूमीचे कर्मचारी, आसपासचे रहिवासी व स्थानिक संस्था यांना निर्जंतुकीकरणाचे निष्कर्ष खुलेपणाने दाखविणे हा विल्हेवाटीचाच एक भाग मानला जातो.

प्रत्येक दूषित राडारोड्यास एवढी व्यवस्था लागतेच असे नाही. पुरानंतर निघणारा बुरशीयुक्त राडारोडा, त्यात ॲस्बेस्टससारखे अन्य घातक पदार्थ नसल्यास, धूळ न उडविता नेहमीच्या भरावभूमीत पुरणे पुरेसे असते. तेथे मुख्य काळजी कामगारांच्या श्वसनाची घ्यावयाची असते. बीजाणुयुक्त जंतूंच्या बाबतीत मात्र वर वर्णिलेला संपूर्ण क्रम पाळावा लागतो. अशा जंतूंवर काम करणाऱ्या नव्या प्रयोगशाळा बांधताना निश्छिद्र पृष्ठभाग, वायुबंद खोल्या व धुरी देण्याची सोय यांचा आराखड्यातच समावेश केल्यास ती इमारत पाडावयाची वेळ येईल तेव्हा पुरावयाचा राडारोडा अल्प राहतो.